ठमी धवळारणीचं नाक

तर कंडक्टर काही ती फळी गाडीत घेईना. काल इथंच येऊन थांबलो होतो ना आपण? हां. शहापूरचा स्टँड, मुरबाडकडे जाणारी एसटी, दाराशी रेटारेटी, आणि रुचिता त्या फळीला कवटाळून पायरीवर उभी. फळी हातभर रुंद, दीड हात लांब, जुन्या लुगड्यात गुंडाळलेली.

"ताई, सामान टपावर द्या."

"सामान नाय. पणजी आहे माझी."

पुढची चार बाकं गप्प झाली. कंडक्टरनं लुगड्याचा कोपरा उचलून आत पाहिलं. आतून लाकडातली एक बाई त्याच्याकडं बघत होती. कपाळावर आडवं कुंकू, कानात बुगड्या, सगळं अंग शाईनं काळं.

"वय काय हिचं?"

"असती तर शंभराच्या पुढं."

"मग पंच्याहत्तरच्या वर फुकट. तुमचं तेवढं अर्धं तिकीट काढा. आणि म्हातारीला खिडकीशी बसवा, मळमळायला नको."

सगळी गाडी हसली. रुचिता तेवढी हसली नाही. तिचं लक्ष कंडक्टरच्या नाकाकडं होतं. नाक बरं होतं, शेंड्याला जरा बसकं. असंच असेल का? की याहून सरळ?

गेले तीन महिने तिचं हेच चाललं होतं. समोर माणूस आलं की आधी नाक बघायची, मग माणूस.

ही रुचिता म्हणजे खर्डीच्या सुदाम फर्डेची थोरली. सुदाम रेल्वेत रुळांवर हातोडा मारून रिटायर झाला. मुलगी शहापूरच्या एका शाळेत तासिकेवर चित्रकला शिकवते. लहानपणापासून हिच्या हाताला नुसता कागद कधी पुरला नाही. चौथीत असताना कर्कटकानं बाकावर गुरुजींचाच चेहरा कोरला होता. वर्ग म्हणाला, आता हिचं काही खरं नाही. गुरुजींनी चष्मा पुसला, बाकासमोर उकिडवे बसले, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "मिशी जरा जास्त झाली." झालं. तिथून जी पोरगी लाकडाला लागली ती मुंबईच्या चित्रकलेच्या कॉलेजात जाऊन लाकडाचे ठसे काढायला शिकूनच आली.

काम दिसायला सोपं. फळी घ्यायची, पटाशीनं कोरायची. कोराल ते कागदावर पांढरं राहतं, ठेवाल ते काळं उमटतं. शाई फिरवायची, वर कागद घालायचा, आणि लाकडी डावाच्या पाठीनं घासत बसायचं. भात ढवळायचा तोच डाव, तिच्या आईनं दोनदा लपवून ठेवलेला. पण या कामात एक गोम आहे. कोरलेलं परत भरता येत नाही. चित्रात रंग पुसता येतो, शिवणीत टाका उसवता येतो. लाकडातून नाक एकदा उडालं की उडालं.

आणि फळ्या तरी कसल्या? दुकानातली फळी हिला चालत नाही. तालुक्यात कुठं जुनं घर पाडून स्लॅबचं बांधतायत असं कळलं की ही हजर. लोक दहाव्याला जातात तशी ही घर मोडायला जायची. कुणाचं मधलं दार, कुणाच्या कणगीचं झाकण, असं काही मागून आणायची. त्यावर तिनं आपल्या घरची माणसं कोरायला घेतली. आजा धाकलू, भातसाच्या धरणावर दगडाच्या पाट्या वाहणारा. आजी, खर्डी स्टेशनच्या फलाटावर करवंदांची टोपली घेऊन बसलेली. बाप, हातात हातोडा, पुढं रूळ. अशा आठ फळ्या झाल्या. श्रावणात ठाण्याला प्रदर्शन ठरलं, पत्रिका छापल्या गेल्या, त्यात नऊ चित्रं लिहिली होती. नववी पणजी ठमी. आणि अडलं ते ठमीपाशी.

ठमी धवळारीण होती. आपल्याकडं पूर्वी लग्नाला भटजी नंतर, धवळारीण आधी. हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळे धवळे, म्हणजे लग्नाची गाणी, तिच्या तोंडात. ती गाणार तेव्हा वाट मोकळी व्हायची. एका लग्नात म्हणे नवरदेव झिंगून मांडवात आला. ठमीनं गाणं मध्येच तोडलं आणि पदर खोचून जात्यापाशी जाऊन बसली. वरबाप पाया पडला, मामा पाया पडला. ती म्हणाली, "त्याला आंघोळ घाला. उतरू द्या. मी थांबते." उन्हं कलली तरी लग्न अर्धंच. नवरा शुद्धीवर आला, स्वतः येऊन "चुकलो" म्हणाला, तेव्हा पुढची ओळ उचलली. ती कुठं सोडली होती ते एवढ्या वेळानंही विसरली नव्हती.

तिच्या असल्या गोष्टी शहापूर-मुरबाडात पोत्यानं मिळतील. पण तिचा फोटो एकही नाही. तिला डोळ्यांनी पाहिलेलं घरात एकच माणूस उरलं, तिची धाकटी लेक हिराबाई, सुदामची आत्या. टोकावड्याकडच्या एका गावात दिलेली, चौऱ्याऐंशीची, कानानं थोडी जड, जिभेनं मुळीच नाही.

म्हणून रुचिता तिच्याकडं पहिल्यांदा गेली ती वैशाखात. हिराबाई म्हणाली, "आयचं तोंड गोल. नाक फेंदारलेलं. हनुवटीवर तीळ." पोरीनं पंधरा दिवस राबून तसं कोरलं, ठसा काढला, नेऊन दाखवला. हिराबाईनं कागद लांब धरला, जवळ धरला. "ही कोण गो? आयचं नाक तर सरळ होतं चांगलं." दुसरी फळी. सरळ नाक. तो ठसा कुणाबरोबर पाठवला, तर निरोप आला, नाक ठीक आहे पण तोंड लांबट पाहिजे. आता ही तिसरी, लांबट तोंडाची. या वेळी कागद नाही, फळीच घेऊन निघाली. चुकलं असेल तर तिथंच, म्हातारीच्या समोर कोरायचं, असं ठरवून.

त्या तीन महिन्यांत ती एका जागी बसली नाही. जेवताना उठायची, फळीपाशी जायची, परत यायची. वर्गात फळ्यावर एक नाक काढलं, पुसलं, दुसरं काढलं. पोरी विचारायला लागल्या, "मॅडम, आज फक्त नाक शिकवणार?" सुदाम वैतागला.

"अगो, म्हातारीचं वय झालं. तिला काल काय खाल्लं ते ठावं नाय. लाव कुणाचंही नाक. कोण बघायला येणार आहे?"

"उसनं नाक लावलं तर ती आपली कशी बाबा? मग ती कुणाचीही होईल."

"होऊ दे. पत्रिकेत नाक छापलंय का?"

ती पटाशीला धार लावायला बसली, आणि तीही अर्धी टाकून उठली.

तर त्या दिवशी सरळगावला उतरून जीपनं टोकावडं, आणि तिथून फळी डोक्यावर घेऊन ती हिराबाईच्या ओट्यावर पोचली. हिराबाईची सून मालू भात पाखडत होती. हिराबाई भिंतीला टेकून, पाय पसरून.

"आलीस गो? परत घेऊन आलीस मढं?"

रुचितानं लुगडं सोडलं. हिराबाईनं फळीवरून हात फिरवला. डोळ्यांना दिसेना ते बोटांनी बघितलं.

"नाय. कपाळ मोठं होतं."

चौथा चेहरा. रुचिता काही बोलणार तेवढ्यात मालू आपली सहज म्हणाली, "आत्याबाई, तुमच्या लग्नात तुमच्या आयनं कोणतं लुगडं नेसलं होतं?" आणि हिराबाई सुरू झाली. लुगडं हिरवं, काठ करवती, मुरबाडच्या बाजारातून आणलेलं, पदराला एक डाग, तो डाग कशाचा, कुणी सांडलं, त्यावरून कोण कुणाशी किती वर्षं बोललं नाही. बांगड्या अकरा, बारावी वाटेत फुटलेली.

रुचिता ऐकत होती. ऐकता ऐकता ताठ झाली.

"आजी, बारावी बांगडी कुठं फुटली ते तुला आठवतंय."

"मग? माझं लगीन नव्हतं का?"

"आणि आयचं नाक-तोंड तेवढं विसरलीस? ते पण तीनदा?"

मालूचं सूप थांबलं. हिराबाईनं पाय आखडून घेतले. मग म्हणाली,

"विसरले नाय. चुकवलं."

"का गो आजी? मी काय वाईट केलं तुझं?"

"आत चल."

देव्हाऱ्यात एका पाटावर चांदीचे टाक होते. टाक म्हणजे तळहाताहून लहान पत्रे, त्यावर माणसं उठवलेली. हिराबाईनं एक बोटानं दाखवला. "हा माझा सासरा. मेला, त्याला बसवला. बसवला की झालं, तो घरात आला. त्याला वर्षाला ताट लागतं. एका वर्षी राह्यलं, तर दावणीचा बैल बसला तो उठलाच नाय." मग रुचिताकडं वळली. "तू किती छाप काढणार माझ्या आयचे?"

"पंधरा."

"पंधरा घरांत बसवणार. ठाण्याला, मुंबईला. ताट कोण वाढणार तिला?"

"आजी, तो नुसता कागद असतो गो."

"आणि हा नुसता पत्राच आहे. सोनार काय करतो? ठशावर पत्रा ठेवतो नि ठोकतो. तू ठशावर कागद ठेवतेस नि घासतेस. सांग फरक."

रुचिता कॉलेजात पाच वर्षं शिकली, एवढं उलगडून कुणी सांगितलं नव्हतं.

हिराबाईचा आवाज आता खाली आला. "धवळारणीला लग्न लागेपर्यंत जेवता येत नाय. तिनं किती लग्नं लावली त्याला मोजदाद नाय. जन्मभर दुसऱ्यांच्या मांडवात उपाशी उभी राह्यली माझी आय. जेवायला बसली की पंगत उठलेली असायची. आता मेल्यावर तिला अनोळखी भिंतींवर उपाशी लटकवू? म्हणून म्हटलं, नाकच चुकीचं दे. भलतीच बाई जाऊ दे तिकडं. तिला भूक लागली तर आपल्याला काय?"

रुचिता बाहेर आली. ओट्यावरून अंगणात, अंगणातून ओट्यावर, अशा कितीतरी फेऱ्या झाल्या. पत्रिका वाटून झाल्या होत्या. खोटं नाक घेऊन प्रदर्शन झालं असतं, कुणाला कळलं नसतं. खरं नाक घेतलं तर म्हातारीचा जीव टांगणीला. मालू म्हणाली, "बस की गो, मलाच चक्कर यायला लागली." ती बसली नाही. उभ्यानंच आत जाऊन म्हणाली,

"जेवढी ताटं वाढली जातील तेवढेच ठसे काढीन. एक जास्त नाय. झालं?"

"कुणाची ताटं?"

"तुझ्या घरचं एक. आमच्या घरचं एक."

"दोनच?"

"दोनच."

हिराबाईनं तिच्या तोंडाकडं पाहिलं, मग मालूकडं. "चुलीतला कोळसा आण गो."

आणि मग खरी ठमी बाहेर आली. नाक आखूड, शेंडा वर आलेला, उजवी नाकपुडी जरा मोठी. सुदामचंच नाक! घरात रोज पाटावर जेवायला बसणारं नाक, आणि पोरगी तालुकाभर शोधत फिरत होती. एक कान बुगडीच्या भारानं फाटलेला. आणि गाताना खालचा ओठ डावीकडं जायचा. कसा, ते दाखवायला हिराबाईनं स्वतः एक ओळ उचलली. आवाज फाटका, पण ओठ बरोबर डावीकडं गेला. मालू सूप टाकून बघत राहिली. रुचितानं फळी उलटी केली, मागची बाजू कोरीच होती, आणि त्या ओठापासूनच कोळशानं रेघ ओढायला सुरुवात केली.

ठसे दोनच निघाले. एक हिराबाईच्या देव्हाऱ्याशेजारी लागला. दुसरा सुदामच्या घरचा, तो श्रावणात ठाण्याला गेला, तोही विकायचा नाही असं खाली लिहून. बाकीच्या आठांच्या प्रती बऱ्याच गेल्या. पण लोक थांबायचे ते ठमीपुढं. तोंड अर्धं उघडं, ओठ एका बाजूला, आता पुढची ओळ येणार असं वाटायचं.

प्रदर्शन संपलं त्या आठवड्यात ठाण्याला ते भरवणाऱ्या बाईंचा फोन आला. ठमीसाठी चार जण मागं लागलेत. फळी तुमच्याकडंच आहे, चार प्रती काढायला कितीसा वेळ लागतो?

रुचितानं कळवते म्हणून सांगितलं. तिचा हात मात्र शिवशिवत होता. खोटं कशाला सांगा. असं काम तिच्या हातून पुन्हा कधी होईल न होईल, आणि ते दोन घरांत कोंडून ठेवायचं? तिनं शाई काढली, फळीवर फिरवली, कागद आणला, परत ठेवला. पुन्हा आणला. सुदाम पायरीवर बसून बघत होता.

"काढ की. टोकावड्याला कोण सांगायला जातंय?"

शाई वाळत चालली. तिनं चिंधी घेतली आणि फळी पुसायला लागली, नाकापासून. पुसून झाली, तेवढ्यात फोन परत वाजला. बाईच होत्या. "काय ठरलं मग? काढताय ना चार?"

रुचिता म्हणाली, "काढते की मॅडम. तुमी फक्त त्या चौघांना एक विचारून घ्या. दर भाद्रपदात, पितरांच्या पंधरवड्यात, तिच्यापुढं ताट वाढणार का? भात, वरण, वडे, भोपळ्याची भाजी, आणि ती जेवल्याबिगर घरात कुणी घास उचलायचा नाय. जे हो म्हणतील त्यांची नावं नि पत्ते पाठवा, तेवढेच ठसे काढते. पयल्या वर्षी ताट कसं वाढायचं ते दाखवायला हिराआजीला घेऊन मी येईन."