दाजी, गिअरबॉक्स खोलायचा की बदलायचा?

बोटीच्या गिअरबॉक्समधलं मला ओ की ठो कळत नाही, हे आमच्या नातेवाइकांत फक्त मलाच माहीत होतं.

त्याला कारण माझी नोकरी. अंबरनाथला गिअर बनवणाऱ्या एका कारखान्यात मी अठ्ठावीस वर्षं काढली. गिअर मात्र एकही बनवला नाही. मी पॅकिंगला होतो, खोक्यांवर लेबलं चिकटवायचो. सासरी कुणी खोलात जाऊन विचारलं नाही, आणि मीही (जावयाचा मान असतो हो!) सांगितलं नाही.

मग माझा मेहुणा दिलीप नोकरी सोडून पर्यटनाच्या धंद्यात उतरला. बदलापूरच्या पुढे दगडाच्या जुन्या खाणीत तळं साठलंय, तिथं. गोव्याहून एक जुनी स्पीडबोट आणली. पायांना लांबट फळ्या बांधायच्या, बोटीची दोरी घट्ट धरायची आणि पाण्यावरून सुसाट घसरत जायचं, असा तो खेळ. पहिला ग्रुप रविवारी येणार होता. गुरुवारी दिलीपचा फोन!

"दाजी, बोटीचा गिअर सटकतोय. इंजिन नुसतं बोंबलतं, बोट जागची हलत नाही. गिअरबॉक्स खोलून दुरुस्त करू की सरळ नवीन टाकू? तुम्ही म्हणाल तसं."

'नवीन टाक' म्हटलं, तर कुठला ते विचारणार. 'खोल' म्हटलं, तर खोलताना मलाच समोर उभा करणार.

"बघितल्याशिवाय कसं सांगू?" मी घसा खाकरून म्हणालो.

"मग चला की बघायला!" बायको शेजारून म्हणाली. निघताना मी अंबरनाथच्या शिवमंदिराच्या दिशेनं हात जोडले.

तळ्यावर दिलीपनं उल्हासनगरहून गोपभाईंना आणून ठेवलं होतं. सत्तरीचे सिंधी मिस्त्री, जुनी इंजिनं खोलण्यात हयात गेलेली.

"साईं, पहिले पाण्यात फिरवा," ते म्हणाले. "गरम झाला की गिअर सटकतो का बघा. मग आपण तेल काढू. तेल नुसतं काळं निघालं तर अंदरच्या प्लेटा जळल्या. नवीन टाकू, मस्त चलेगा. पण तेलात चमकणारा चुरा दिसला तर दात तुटले. मग पुरा डबाच बदला."

"उत्तम. मग तुम्ही या फिरून!" मी म्हणालो.

"मी काठावरून आवाज ऐकतो. अंदर तुम्ही बसा. गिअरवाले तर तुम्ही!"

मला पोहता येत नाही. पाणी हिरवंकाळं, आणि तळ किती खोल ते खुद्द दिलीपला ठाऊक नाही. तरी दिलीपच्या शेजारी बसलो. सीट अशी आवळून धरली की रेक्झिनमध्ये नखं रुतली.

पण बोट सुरुवातीला झक्क पळाली! दहा मिनिटांत माझी भीडच चेपली. "काही नाही रे, खोलून प्लेटा बदल, झालं!" मी निकाल देऊन टाकला.

तेवढ्यात पायाखाली 'खडाड्!' इंजिन किंचाळतंय आणि आम्ही तळ्याच्या मधोमध ठप्प. घाबरून दिलीपनं गिअरचा दांडा मागे ओढला. रिव्हर्स पडला, आणि पडला तो निघेचना! बोट उलटी निघाली, थेट खाणीच्या उभ्या कातळाकडे.

"दाजी, न्यूट्रल येत नाही! काय करू?"

"ब्रेक! ब्रेक मार!"

"बोटीला ब्रेक नसतो!"

"मग हँडब्रेक ओढ!!"

दिलीपनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. कातळ जवळ येत होता, तरी पाहिलं.

"बाबा, चावी! चावी बंद करा!" काठावरून त्याची कॉलेजातली मुलगी केतकी ओरडली.

चावी फिरली. इंजिन गप्प झालं. बोट तरंगत जाऊन कातळाला हळूच टेकली. मी फोडलेली किंकाळी मात्र हळू नव्हती. (बायको सांगते, गोपभाईंनी कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं.) केतकी पोहत दोरीचं टोक घेऊन आली, बोटीला बांधलं, आणि काठावरून माझी बायको आणि सत्तरीचे गोपभाई यांनी आम्हाला ओढून काढलं.

गोपभाईंनी थाळीत तेल काढलं. रांगोळीत चमकी टाकावी तसा चुरा!

"डबा गेला. बदला," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "साईं, कंपनीत काय करत होता?"

सांगितलं.

"लेबलं?" बायको किंचाळली. "इतकी वर्षं पहाटे उठून डबा दिला, तो लेबलं चिकटवायला?"

दिलीप हसला नाही. तो दगडावर बसून राहिला. "दाजी," तो हळू आवाजात म्हणाला, "तुमचं ऐकून नुसत्या प्लेटा टाकल्या असत्या... रविवारी ग्रुपला खेळ दाखवायला दोरीला केतकी असती." पाण्यात वाटली नव्हती इतकी भीती मला त्या कोरड्या दगडावर वाटली. मी कान पकडून माफी मागितली. खरोखरच पकडले.

रविवारचा ग्रुप दिलीपनं पुढे ढकलला. नवीन गिअरबॉक्स आला, गोपभाईंनी बसवला, बोट आता छान पळते. दिलीपनं मनात काही ठेवलं नाही; मला पर्यटकांना लाइफ जॅकेट वाटायचं काम दिलंय. पाण्यापासून वीस पावलांवर, सुक्या जमिनीवर, टेबल-खुर्ची टाकून बसतो.

पहिलं जॅकेट मी घालतो, मगच वाटायला सुरुवात करतो.