शिंपीमास्तरांचा बटणांचा डबा

शिंपीमास्तरांना अख्ख्या गल्लीची मापं तोंडपाठ. कुणाचं पोट किती सुटलं हे ते भर दुकानात जाहीर करत, वर त्याच्या चालण्याची नक्कलही करून दाखवत. स्वतःच्या रक्तदाबाचं माप मात्र त्यांनी कधी मनावर घेतलं नाही.

"डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही. मग आजारी कोण, ते यंत्र?"

बायको रोज सकाळी गोळी हातावर ठेवी. मास्तर पाण्याचा घोट घेत, मोठ्ठा आ करून दाखवत आणि तिची पाठ वळली की गालात दडवलेली गोळी बटणांच्या डब्यात टाकत. इकडे औषधांची रिकामी पाकिटं पाहून डॉक्टर बुचकळ्यात. इतकं घेऊनही दाब उतरत कसा नाही? मग ते औषध वाढवत. डबा भरत चालला.

समोरच राहणारी दवाखान्यातली सिस्टर एके दिवशी दाब तपासायला आली. दंडावरचा पट्टा सोडता सोडता तिने आकडा पुन्हा एकदा पाहिला.

"काका, गोळ्या चुकतात का? खरं सांगा, मी रागावणार नाही."

"शिवण उसवेल, पण गोळी चुकायची नाही!"

"आता तिसरी गोळी सुरू होतेय. आधीच्या पोटात जात नसतील आणि उद्या तिन्ही एकदम गेल्या, तर उभ्या जागी कोसळाल. आणि नाहीच गेल्या, तर हा दाब तुम्हाला सोडायचा नाही."

मास्तर हसले. पण हसू नीट बेतलं गेलं नाही.

दुसऱ्या सकाळी बायको तिन्ही गोळ्या घेऊन दुकानात उभी. "सिस्टरला शंका आहे. आज गालात बोट घालून बघणार आहे. करा आ."

सांगून टाकावं, असं मास्तरांनी ठरवलं. त्यांनी तोंड उघडलं, पण शब्दांचा नुसता चिखल बाहेर आला. ओठाचा एक कोपरा खाली ओघळला.

"पुरे हो! सकाळी सकाळी नकला नकोत."

मास्तरांचा उजवा हात कात्रीसकट मांडीवर पडून राहिला. डाव्या हाताने त्यांनी कसाबसा डबा ढकलला. बटणं फरशीभर घरंगळली. बायको करवादत वेचायला वाकली. एक पांढरं बटण तिने उचललं, निरखलं. त्याला भोकंच नव्हती. शेजारच्यालाही नव्हती.

तिने वर पाहिलं. मास्तर तिच्याकडेच बघत होते, अर्ध्या चेहऱ्याने.

हातातल्या गोळ्या तिथेच टाकून ती दाराकडे धावली.

"सिस्टर! अगं, धाव! ह्यांनी एकही घेतली नाही गं!"