देवीची न फवारलेली ओळ

“आमच्या किड्यांना आता औषध पचाया लागलंय. टॉनिक पिल्यावानी टुणटुणीत होत्यात.”

लोहगडवाडीहून लोणावळ्याला परतणाऱ्या वडापमध्ये (प्रवासी जीपमध्ये) माझ्या शेजारच्या मावशी पलीकडच्या बाईंना सांगत होत्या. सगळे हसले. मीही खिडकीबाहेर बघत हसून घेतलं. गड उतरून पाय थरथरत होते, बुटांत चिखल होता आणि मी कमालीची खूश होते. एकटीने केलेला हा माझा पहिला प्रवास. खरं तर मी कीटकशास्त्र शिकते, पण बोलले नाही. शाळा इंग्रजी माध्यमाची; चारचौघांत माझं मराठी अडखळतं.

कुसगावच्या अलीकडे टायर पंक्चर झालं. ड्रायव्हर म्हणाला, अर्धा तास लागेल. मावशींचं घर समोरच होतं. त्यांनी माझ्या बुटांकडे एकदा पाहिलं आणि मला ओढतच आत नेलं. इंद्रायणी तांदळाचा मऊ, वासाचा भात आणि कुळथाचं पिठलं. मी लाज सोडून दोनदा वाढून घेतलं.

घरामागे गुलाबांचं पॉलिहाऊस होतं. आतली हवा ओलसर, गोड. लालभडक कळ्यांच्या ओळी बघून पायांचं दुखणं विसरले. जवळ गेल्यावर मात्र पाकळ्यांच्या करपलेल्या कडा दिसल्या. मावशींनी एक फूल तळहातावर झटकलं. दोऱ्याच्या तुसाएवढे फुलकिडे इकडेतिकडे पळाले. असला माल बाजारात कोणी उचलत नाही, म्हणाल्या.

शेवटच्या ओळीवर कधीच फवारत नाहीत. पॉलिहाऊस उभं राहिलं तेव्हा मावशींनी ती गावच्या देवीला नवस म्हणून बोलली होती. त्या ओळीतल्या फुलांचा हार देवीला जातो आणि पाकळ्या प्रसाद म्हणून वाटतात.

मावशींचे यजमान, ज्यांना सगळे आबा म्हणतात, पाठीवर पंप बांधून उभे होते. औषध नेहमीचंच, फक्त आज दुप्पट. आणि आज देवीची ओळही सुटणार नव्हती.

“किडं तितनंच येत्यात,” आबा म्हणाले. “तुझ्या देवीनं पोसल्यात.”

“मग देवीलाच सांगा तसं, माझ्यासमोर.” मावशी ओळीच्या तोंडाशी उभ्या राहिल्या.

आबा माझ्याकडे वळले. “सवय लागलीय त्यांना औषधाची. मला तंबाखूची लागली तशी.”

रस्त्यावरून जीपचा हॉर्न आला. निरोप घेऊन निघाले असते, तर कोणी काही म्हटलं नसतं. आबांनी नळी त्या ओळीकडे वळवली.

हे लिहिताना समोर पाण्याच्या ग्लासात त्याच ओळीतली पाच फुलं आहेत. मावशींनी जीपच्या खिडकीतून दिलेली, औषधाचा थेंब न लागलेली. म्हणजे पुढे काय झालं ते कळलंच असेल. पण त्या क्षणी मला ते ठाऊक नव्हतं. कान तापले होते, शब्द एकेक करून गोळा करावे लागत होते.

“आबा, थांबा. सवय कुठल्याच किड्याला लागत नाही. हजारांत चार-दोन जन्मापासूनच चिवट होते. औषधाने बाकीचे मेले आणि ह्यांचंच गोकुळ झालं. औषधाने मरणारे साधे किडे आता फक्त देवीच्या ओळीत उरलेत. त्यांची ह्या चिवटांशी सोयरीक होऊ द्या, म्हणजे पुढची सगळीच पिलावळ चिवट निघणार नाही. औषध बदला, पण मावशींची ओळ राहू द्या.”