गौरीची मोटार

नलूताईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या फरशीवर पालथ्या झोपल्या होत्या. साठी ओलांडलेल्या बाई, अंगावर सुती पातळ, चष्मा कपाळावर सरकवलेला आणि उजवा गाल फरशीला टेकलेला. दार सताड उघडं होतं. मी करमाळ्याहून आले होते. हातात बॅग होती आणि ऑफिसातल्या एका बाईंनी सांगितलेला गिरगावातला पत्ता. म्हातारी चक्कर येऊन पडली असं वाटून मी तशीच आत धावले.

"चपला," त्या पडल्यापडल्याच म्हणाल्या. "आणि उजेडात उभी राहू नकोस."

चपला काढून मी बाजूला झाले तेव्हा त्यांच्या नाकासमोर उभी असलेली मोटार मला दिसली. चार बोटं लांब, काळी, तारेच्या काड्यांची चाकं आणि पुढे दोन पितळी दिवे.

"खाली ये. मोटार उभ्याने बघायची नसते. उभ्याने नुसता टप दिसतो."

मीही पालथी झाले. माझं नाव, गाव, नोकरी या गोष्टी त्यांनी नंतर विचारल्या. खोली मिळाली हे मला संध्याकाळी कळलं, जेव्हा त्यांनी दोन ताटं घेतली.

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. मुंबईत परळच्या एका ऑफिसात नोकरी लागली, पण राहायचं कुठे हे कुणाला सांगता येत नव्हतं. नलूताईंनी मला लग्न होईपर्यंत ठेवून घेतलं. त्या स्वतः बिनलग्नाच्या. एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली होती. आई होती तोवर आई, ती गेल्यावर एकट्या. घरात देवघर, एक लोखंडी पलंग आणि भिंतीतली दोन काचेची कपाटं. कपाटांत मोटारी. त्या काळी कोणी परदेशी गेलं की लोक सेंट मागवायचे, नलूताई मोटार मागवायच्या. उरलेल्या त्यांनी शुक्रवारी चोरबाजारात फिरून मिळवल्या होत्या.

सगळ्या मोटारी गेल्या शतकाच्या सुरुवातीच्या. त्यानंतरची एकही नाही. मी कारण विचारलं तेव्हा त्यांनी ती काळी मोटार काढून माझ्या तळहातावर ठेवली. उंच, ताठ, डोक्यावर टोपी ठेवूनही आत बसता येईल अशी. "नीट बघ हिच्याकडे. टांगाच आहे की नाही? घोडा कुठेतरी गेलाय आणि ही अजून त्याची वाट बघत उभी आहे. पुढच्या मोटारी घोड्याला विसरल्या. मला त्यांच्यात रस नाही."

त्या मोटारीचं नाव होतं सासूबाई. लाल मोटार बंबवाली, लांब नाकाची ती वकीलीण. प्रत्येकीच्या तळाला कंपनीचं नाव कोरलेलं होतं, पण ते त्या कधी उच्चारायच्या नाहीत. म्हणायच्या, "ते पोटावर लिहिलेलं आहे. माणसाला आपण पोटावर वाचून हाक मारतो का?"

रविवारी मोटारी पुसायच्या. धोतराचा मऊ तुकडा आणि रंगकामाचा बारीक ब्रश. मोटार खालून धरायची, टपाला बोट लावायचं नाही. पुसून झाली की प्रत्येक मोटार फरशीवर हातभर चालवायची आणि मगच कपाटात ठेवायची. मी एकदा कंटाळून न चालवता ठेवली, तर त्यांनी ती परत काढायला लावली. "रबर चिकटतं गं. माणसाचा गुडघा आणि मोटारीचं चाक. वापरलं नाही की गेलं."

मला या प्रकाराचं सुरुवातीला हसू यायचं. आमच्याकडे खेळणं विकत आणायची पद्धत नव्हती. ज्वारीची चिपाडं सोलायची आणि त्यांची बैलगाडी करायची, ती आईनेच मला शिकवली होती. एका सुट्टीत गावी गेले तेव्हा तशी एक गाडी करून आणली आणि नलूताईंना दिली. त्यांनी ती जमिनीवर ठेवली, पालथ्या झाल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"हिचाही घोडा गेलाय."

"बैल, ताई."

"बैल. बरं." त्यांनी कपाट उघडलं, सासूबाईंना थोडं सरकवलं आणि चिपाडाची गाडी त्यांच्याही आधी, रांगेत पहिली ठेवली. "ही सगळ्यांची आजी."

"ही फार टिकत नाही, ताई. भुगा होतो."

"होईल तेव्हा होईल."

वर्षातून एक महिना मोटारी कपाटाबाहेर यायच्या. चैत्रात नलूताई गौर बसवायच्या. अंगठ्याएवढी पितळी गौर, तिला छोटा झोपाळा आणि समोर पायऱ्यापायऱ्यांची आरास. इतर घरी आराशीत फराळ, कलिंगडाची कमळं, मुलांची खेळणी. इथे वरपासून खालपर्यंत मोटारी. हळदीकुंकवाला सगळी इमारत यायची आणि वरच्या मजल्यावरच्या सावंतकाकी दारातूनच सुरुवात करायच्या, "गो नलू, लोका गौरीसमोर करंजे मांडतत, तू ग्यारेज मांडलंस!"

"तुझ्या करंज्या संपतात चार दिवसांत. माझं गॅरेज बघ कसं आहे तसं आहे."

पाठीमागे बोलणाऱ्याही होत्या. बिनलग्नाच्या बाईने गौर बसवावी का, असा प्रश्न एका नव्या बिऱ्हाडकरणीने जिन्यात काढला. तो ताईंपर्यंत पोचला. तिची ओटी भरताना त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "गौर चैत्रात माहेरी येते. हे तिचं माहेर आहे. माहेरी येणारीला नवरा लागतो, माहेराला लागत नाही." त्या बाईंनी पन्ह्याचा दुसरा पेला मागून घेतला. विषय संपला.

अक्षय्यतृतीयेला गौर परत जायची. इतर घरांत ती नुसती उचलून देवघरात ठेवतात. नलूताई तिला मोटारीत बसवायच्या आणि मोटार दोऱ्याने हळूहळू ओढत देवघरापर्यंत न्यायच्या. दर वर्षी वेगळी मोटार. यंदा कोणाची पाळी, यावर इमारतीतली पोरं आठवडाभर भांडायची.

माझं लग्न झालं, मी अँटॉप हिलला राहायला गेले, तरी चैत्रात गिरगावला जाणं चुकवलं नाही. अशाच एका वर्षी, संक्रांतीच्या सुमाराला, इमारत पाडायची हे नक्की झालं. नवी होईपर्यंत सगळ्यांनी आपापली सोय बघायची होती. सावंतकाकी माझगावला बहिणीकडे, कोणी विरारला, कोणी कल्याणला. नलूताईंना भाची माधवी डोंबिवलीला नेणार होती. तिच्याकडे ताईंच्या वाट्याला एक पलंग आणि एक कपाट येत होतं, तेही कपड्यांचं. मोटारींचं काय, हा एकच प्रश्न उरला होता, आणि त्या त्यावर बोलत नव्हत्या.

म्हणून मीच खटपट केली. ऑफिसातल्या ओळखीतून मलबार हिलचे एक गृहस्थ सापडले. त्यांचा स्वतःचा असा संग्रह होता. ते आले, चपला बाहेर काढल्या, प्रत्येक मोटार खालून धरली. नलूताईंच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. गृहस्थ म्हणाले, "यातली एकही गाडी वेगळी होणार नाही. काचेचं कपाट, आतून दिवा आणि वर तुमचं नाव."

"आणि चैत्रात?"

"चैत्रात काय?"

"बाहेर काढाल?"

"छे, छे. काळजीच नको. कपाटाला कुलूप असतं. मी स्वतःसुद्धा हात लावत नाही."

त्यांनी ते धीर द्यायलाच सांगितलं होतं. नलूताईंनी त्यांना चहा दिला आणि विचार करून कळवते म्हणाल्या. ते गेल्यावर मी म्हटलं, "ताई, हो म्हणा. याहून चांगला माणूस मिळायचा नाही. संग्रह एकत्र राहायला हवा."

"माणूस चांगलाच आहे," त्या म्हणाल्या. "पण चाकं चिकटतील गं."

त्या घरातला तो शेवटचा चैत्र. अर्ध्या खोल्यांना कुलपं लागलेली, तरी हळदीकुंकवाला गेलेल्याही परत आल्या. ओटीला पहिल्या सावंतकाकी बसल्या. नलूताईंनी भिजवलेले हरभरे घातले, काकडी घातली, मग मागे वळून आराशीतून बंबवाली उचलली आणि तीही ओटीत घातली.

"गो, ह्यां काय?"

"बंबवाली. दर चैत्रात हातभर चालवायची. विसरलीस तर विचारायला येईन."

"इलंस तर चायपन घेवन जा," काकी म्हणाल्या आणि त्यांनी पदराची गाठ घट्ट मारली.

मग वकीलीण गेली, मग हिरवी, मग दोन टपवाल्या. एक नवी सून घाबरली. "काकू, एवढी जुनी वस्तू! आम्ही कुठे ठेवणार?"

"टीव्हीखाली ठेव. सीरियल बघेल बिचारी."

पायऱ्या वरून खाली रिकाम्या होत गेल्या. माझी ओटी शेवटी भरली. माझ्या पदरात सासूबाई आल्या. सगळ्या गेल्यावर मी म्हटलं, "ताई, संग्रह मोडलात तुम्ही."

"मोडला कुठे? मुली सासरी गेल्या की माहेर मोडलं म्हणतात का?" त्या रिकाम्या पायऱ्या पुसायला लागल्या होत्या.

अक्षय्यतृतीयेला मी सामान बांधायला गेले. गौर झोपाळ्यात होती आणि घरात मोटार एकही नव्हती. मी पिशवीतून सासूबाई काढल्या. ही अडचण माझ्या आधीच लक्षात आली होती, म्हणून मी त्या मुद्दाम बरोबर आणल्या होत्या.

"ठेव आत," नलूताई म्हणाल्या. "दिलेली परत घेत नाहीत."

त्यांनी कपाट उघडलं. वरच्या फळीवर चिपाडाची गाडी तेवढी उरली होती. कोरडी पडून पांढुरकी झालेली. त्यांनी ती खालून धरली, फरशीवर ठेवली आणि पितळी गौर तिच्यावर अलगद बसवली. गाडी करकरली. आम्ही दोघी पालथ्या झालो. दोरा बांधायची हिंमत नव्हती, म्हणून त्यांनी ती बोटाने मागून ढकलत नेली. देवघर आलं. गाडी टिकली.

डोंबिवलीला नलूताई दोन वर्षं राहिल्या. तिथून त्या चैत्रात एकेकीला फोन करून चाकं फिरतात का, विचारायच्या. गेल्या पावसाळ्यात त्या गेल्या. मी भेटायला गेले तेव्हा माधवी म्हणाली, "मावशीच्या कपाटात कपड्यांवर एका डब्यात चिपाडाचा भुगा होता. मी टाकला. चालेल ना?" मी चालेल म्हणाले.

यंदाच्या चैत्रात सावंतकाकींनी माझगावहून फोनवर फोटो पाठवला. फरशीवर बंबवाली, शेजारी चहाचा कप. मग विरारहून आला, कल्याणहून आला. मी सासूबाईंना पुसलं, हातभर चालवलं आणि गाल फरशीला टेकवून बघत राहिले. आई गावाहून आली होती. ती स्वयंपाकघरातून धावत आली.

"आगं बया, पडलीस का काय?"

"नाही गं. खाली ये."

गुडघ्यावर हात ठेवत ती सावकाश बसली, मग आडवी झाली. नलूताईंनी मला काय सांगितलं होतं ते मी तिच्याजवळ कधीच बोलले नव्हते. तिने डोळे बारीक करून सासूबाईंकडे पाहिलं.

"टांगाच की गं हा," आई म्हणाली. "आन् घोडा कुठं गेला ह्याचा?"