वैनींच्या फोटोचं लायटिंग

माझी बायको शालन वारली, त्या दिवशी तिचा फोन माझ्याकडे आला.

तोवर त्या फोनशी माझा संबंध फक्त ऐकून घेण्यापुरता होता. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली, निवृत्त झालो आणि घरी येऊन पुन्हा वाचत बसलो. स्वयंपाकघरातून मारलेली हाक मला ऐकू येत नाही, हे शालनने लग्नानंतर लगेच ओळखलं होतं. पण त्यावरचा उपाय सापडायला फोनचा जमाना यावा लागला. ओट्यापाशी उभी राहून ती बोलून निरोप पाठवायची. पुस्तकाखालचा माझा फोन वाजायचा, मी तो कानाला लावायचो आणि आतून शालन म्हणायची, "भात गार होतोय!" (माझा फोन नंतर बिघडला आणि त्यातले निरोप पुसले गेले. आता तिचा आवाज फक्त तिच्या फोनमध्ये होता.)

तेराव्यापर्यंत राहायला गडहिंग्लजहून माझी थोरली बहीण आक्का आली होती. ती रोज सकाळी चहा घेताना त्या फोनमधला शालनचा फोटो बघायची.

"बाळू, हिच्या हनुवटीवर हिरवं काय लागलंय रं?"

"आक्का, ते फोटोत नाही. फोनच्या काचेत आहे."

"मग पूस की!"

आक्काने पदराला थुंकी लावून पुसलं. ठिपका हलला नाही. तिने फोटो पुढे सरकवला, तर ठिपका शेजारच्यांच्या शेळीच्या डोळ्यात. आणखी एक सरकवला, तर माझ्या टकलावर.

"हितं शोभतंय," आक्का म्हणाली. "पण शालनच्या तोंडावरचं काढ."

मी फोन घेऊन दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "काका, डिस्प्ले बदलायला लागंल. आतलं काय गेलं तर जबाबदारी आपली न्हाय." मी त्याच्या हातातून फोन जवळजवळ हिसकावला आणि रस्त्यात कुठेही न थांबता घरी आलो.

मग मी माझ्या पद्धतीने कामाला लागलो. म्हणजे वाचायला लागलो. त्यातून कळलं ते असं : पडदा असंख्य बारीक ठिपक्यांचा असतो. प्रत्येक ठिपक्याच्या पोटात लाल, हिरवा आणि निळा असे तीन दिवे असतात. त्यातला एखादा अडकला की तो विझतच नाही. उपाय म्हणून पडद्यावर तासन्तास भराभर रंग बदलत ठेवायचे. त्या गडबडीत अडकलेला दिवा सुटला तर सुटतो.

आमच्या घरात चालू प्लग दोन. एकावर आक्काची शेंगदाण्याची चटणी वाटली जात होती. दुसरा बाहेरच्या खोलीत, शालनच्या हार घातलेल्या फोटोपाशी. मी फोन तिथे चार्जरला लावला, फोटोला टेकवून उभा केला आणि उपचार सुरू केला. एका बाजूला समई संथ तेवत होती आणि दुसऱ्या बाजूला फोन लाल-हिरवा-निळा असा लखलखत होता!

तेवढ्यात बापू आले. बापू म्हणजे आमच्या गल्लीतल्या तालमीचे अध्यक्ष. गणपतीत अख्खी पेठ उजळून टाकणारा माणूस. शालन गेल्यापासून ते रोज येऊन माझ्याशेजारी बसून जायचे. त्या दिवशी मात्र त्यांची नजर फोटोवरून हलेना.

"सर, हे... वैनींसाठी?"

"हो," मी म्हणालो. (खोटं नव्हतंच ते.)

"किती वेळ ठेवणार?"

"चालूच ठेवावं लागतं. त्याशिवाय गुण येत नाही."

बापूंचे डोळे भरून आले. "एवढंसंच लायटिंग, सर? गणपतीत आमच्या सगळ्या पोरास्नी चहा पाजला त्या माउलीनं. आन् तालीम काय मेली व्हय?"

मी खुलासा करणार होतो. पण मला आधी मनात वाक्य नीट जुळवावं लागतं, आणि ते जुळेपर्यंत माणसं निघून जातात. बापूही गेले.

ठिपका काही सुटला नाही. म्हणून तेराव्याच्या आदल्या दिवशी मी सकाळपासून पुन्हा उपचार लावला. संध्याकाळी दारात टेम्पो उभा राहिला. तालमीचे लोक उतरले. त्यांच्यामागून दिव्यांच्या माळा, दिव्यांचा पिसारा फुलवणारा मोर, फोटोमागे फिरणारं चक्र आणि कपाटाएवढा साउंड बॉक्स उतरला.

आक्का लाटणं घेऊनच बाहेर आली. "बापू, हे सुतकाचं घर हाय का वरातीचं?"

"आक्का, सरांची इच्छा हाय!"

आक्का माझ्याकडे वळली. "बाळू, तुझी इच्छा हाय?"

मी तोंड उघडलं. कुणीतरी बटण दाबलं. मोराने पिसारा फुलवला आणि आमचं घर रंकाळ्यापर्यंत दिसेल असं पेटून उठलं! गडमुडशिंगीचा दूधवाला सायकल थांबवून मला म्हणाला, "पावणं, लगीन कुणाचं?"

"माझ्या बायकोचं," मी म्हणालो, कारण वाक्य तेवढंच तयार झालं होतं.

तो घाईघाईने निघून गेला. आणि त्याच क्षणी फटदिशी आवाज होऊन सगळं विझलं. मोर, चक्र, माळा, घरातले दिवे आणि दिवसभर लखलखून आधीच तापलेला फोनही.

"कुणी हात लावू नका!" कुणीतरी ओरडलं. तो मी होतो. गल्लीने माझा आवाज बहुधा पहिल्यांदाच ऐकला. समईच्या उजेडात मी फोनचं बटण दाबत राहिलो. पडदा काळाच.

"काय झालं, सर? नवा घिऊ की," बापू म्हणाले.

"बापू, तिचा आवाज आहे त्यात."

हे वाक्य मला जुळवावं लागलं नाही.  तालमीच्या वायरमनला घालायला घेतलेली शिवी बापूंनी अर्ध्यावर गिळली.

आक्काने फोन माझ्या हातातून काढून घेतला. "तापलंय लेकरू. ताप उतरू दे आधी," म्हणत तिने तो कोरड्या फडक्यात गुंडाळला आणि मडक्याला टेकवून ठेवला. तालमीच्या लोकांना गप्प बसवेना. त्यांनी समोरच्या घरातून वायर ओढली आणि काहीतरी सुरू झालं पाहिजे म्हणून साउंड बॉक्स सुरू केला. आम्ही सगळे मडक्याभोवती उभे राहिलो. बऱ्याच वेळाने मी पुन्हा बटण दाबलं आणि फडक्यातून उजेड आला.

"आला, आला!" मी घाईने तिचे निरोप उघडले आणि आक्काने आनंदाने अंगठा त्यांच्यावर जिथे लागेल तिथे दाबला.

शालन गणपतीत याच फोनवरून तालमीच्या साउंड बॉक्सवर आरत्या लावायची. फोनने बॉक्सला ओळखलं, बॉक्सने फोनला. आणि बाहेर भर गल्लीत शालन कडाडली :

"अहो! टाकी वाहतेय! गटारीला पूर आलाय. मोटर बंद करा. देवानं कान काय नुसता चष्मा अडकवायला दिलेत?"

 मग समोरच्या घरातले गृहस्थ आत पळाले आणि त्यांनी त्यांची मोटर बंद केली. त्यांच्या शेजारच्यांनीही केली. बापू स्वतः आमच्या मागच्या दारी धावले आणि तिथून ओरडले, "बंदच हाय, वैनी!"

मग गल्ली हसायला लागली. हसता हसता सगळे डोळे पुसत होते. मीही. एवढी पुस्तकं हाताखालून गेली, पण एका दमात गल्लीभर माणसं पळवणारं असं गद्य मला कशात सापडलं नव्हतं. ते रोज माझ्या घरात तयार होत होतं आणि मी त्याचं उत्तर म्हणून "हूं" म्हणत होतो.

"परत लाव," आक्का म्हणाली. परत लावलं. बापू पुन्हा मागच्या दाराकडे निघाले.

तिचे सगळे निरोप आता आक्काच्या, बापूंच्या आणि माझ्या नव्या फोनमध्ये आहेत. हिरवा ठिपका सुटला नाही. तो सोडवायचं मी सोडून दिलं आहे. मी मोटर लावली की बापू कोपऱ्यावरून ओरडतात, "सर, मोटर!"

परवा बापू चंदगडला गेले होते. टाकी वाहिली. मी वाचत होतो.