खाली जगह

माझ्या घरात माझ्याआधी कोणी मॅट्रिकही नव्हतं. म्हणून जबलपूरला ट्रेनिंग कॉलेजात जागा मिळाली तेव्हा प्राध्यापकांचा प्रत्येक शब्द मी जसाच्या तसा वहीत उतरवून घेई. मुलांची बुद्धी कशी मोजायची ते आम्ही शिकत होतो. आधी सरासरी काढायची, मग एकेकाचे गुण तिच्यापासून किती दूर पडतात ते, मग आलेख. "नावं पाहू नका, क्रमांक पाहा," ते सांगत, "म्हणजे दयामाया मध्ये येत नाही." मला ते फार न्यायाचं वाटे.

ओमती मोहल्ल्यातल्या एका शाळेची चौथी चाचणीसाठी माझ्याकडे आली. माझ्या खोलीशेजारच्यांची मुलगी त्याच वर्गात होती. मंडळी वर्ध्याकडून नुकतीच आलेली. चाचणीच्या आदल्या दिवशी तिचे वडील म्हणाले, "मास्तरजी, सारे म्हणून राहिले का तुमच्या कच्च्या पोरांच्या यादीत नाव आलं की तिसरीत बसवतात. तसं झालं तर हिची शाळा बंद. गावी धाडतो. तिथं स्थळ आहेच."

मुलगी दारात उभी राहून ऐकत होती.

"काळजी करू नका," मी म्हणालो. "आकड्यांत कोणावर अन्याय होत नाही."

तपासायला भोकं पाडलेला पुठ्ठा होता. कागदावर ठेवला की फक्त उत्तरांच्या चौकटी दिसत. कोरी चौकट म्हणजे शून्य, असं वहीत लिहिलेलं होतं. आलेख डोंगरासारखा यायला हवा, मधे उंच. माझा तसाच आला, पण डावीकडे अगदी तळाशी एक टेकडी वेगळी उठली होती. सहा मुलं, सहाही शून्य. मी वर्गमुळं पुन्हा काढली. चूक सापडेना.

"भैया, तुमच्या डोंगराला पिल्लू झालं!" बाकावरचा सोबती म्हणाला. सगळे हसले, मीही हसलो. रात्रंदिवस ती टेकडी डोळ्यांपुढे राहिली. पण प्राध्यापकांनी गणित तपासून पाठ थोपटली, आणि मी यादी शाळेत देऊन आलो.

त्यानंतर चार दिवस मुलगी नळावर दिसली नाही. शेजारी विचारायचा मला धीर होईना. पाचव्या दिवशी ते सहा कागद काढले आणि पहिल्यांदाच पुठ्ठ्याशिवाय पाहिले.

वर छापलं होतं, 'खाली जगह में उत्तर लिखो.' सहाही मुलं आमच्याकडची, मराठी; त्यांनी त्यातलं 'खाली' मराठीत वाचलं होतं. चौकटी कोऱ्या सोडून पानाच्या तळाशी, नंबर घालून, सगळी उत्तरं ओळीनं लिहिली होती. बहुतेक बरोबर होती.

कागद घेऊन मी शाळेत धावलो. हेडमास्तरांनी ते पाहिले आणि पाच मुलांना तिसरीतून उठवून चौथीत आणलं. मी सहाव्या कागदाचं, शेजारच्या मुलीचं, विचारलं.

वर्गमास्तरांनी हजेरीपटावरून मान वर केली नाही. "वो तो गाँव गई, भैया," ते म्हणाले. "देखिए न, उसकी जगह खाली है."