आधी बॅटरीवर आळ घेऊ नका

जुनी बॅटरी उलटी केली की तळाशी साचलेला काळा गाळ बाहेर येतो. प्लेटांची भुकटी वर्षानुवर्षं झडत असते, खाली बसत असते, आणि वरून बघणाऱ्याला काही कळत नाही. आमच्या दुकानातल्या गोष्टी अशाच साचल्या. केजला रोडच्या कडेला आमचं बॅटरीचं दुकान. मालक, म्हणजे माझा नवरा, बॅटऱ्या बघायचे. शेजारच्या टपरीत शब्बीरभाई डायनामो बांधायचे. मी दोघांवर ओरडायचे आणि मधल्या वेळात काम शिकायचे. माझं शिक्षण चौथी. माहेर शिरूर कासारकडचं, आई-बाप ऊसतोडीला जाणारे, त्यामुळं पाचवीचं तोंड पाहिलंच नाही. पण गाडी कशानं बसली ते मला सांगता येतं. माणूस कशानं बसलं तेही थोडंफार येतं.

*

आमच्याकडं गिऱ्हाईक येतं ते निकाल लावूनच येतं. "बॅटरी गेली, नवी द्या." मालकांचं उत्तर ठरलेलं: "आधी बॅटरीवर आळ घेऊ नका." आधी टर्मिनल बघायचं, मग पाणी, मग पट्टा, मग डायनामो. बॅटरीचा नंबर सगळ्यात शेवटी.

सिरसाळ्याचे एक आडते गाडीला दोर बांधून ट्रॅक्टरनं ओढत आले होते. बॉनेट उघडलं तर टर्मिनलवर पांढरं-हिरवं पीठ चढलेलं. मी गरम पाणी ओतलं, ब्रशनं घासलं, नट आवळला, वरून ग्रीस लावलं. पहिल्याच चावीला गाडी चालू.

आडते खूश व्हायचं सोडून नाराज झाले. "एवढंच व्हतं? म्या तर घरी सांगून आलतो, नवी घेऊन येतो म्हून."

मालक म्हणाले, "मग सांगा, जुनीलाच आंघोळ घालून आणली."

*

विष्णूचं सांगते. पुढं तोच येणार आहे. दिवाळीच्या सुमारास तो बायकोला, रुक्मिणीला घेऊन ऊसतोडीला जायचा आणि उन्हाळ्यात हाताला लागेल ती गाडी चालवायचा. दुष्काळातल्या एका उन्हाळ्यात तो पाण्याचा टँकर चालवत होता. त्याची बॅटरी उघडली तर आत प्लेटांवर पांढरे थर. बोअरचं पाणी घातलेलं. खारट पाणी म्हणजे बॅटरीला विषच.

मी फाडकन बोलले, "तुला डिस्टिल पाण्याचा कॅन दिलता ना? बोअरचं कावून घातलं?"

तो खाली बघत म्हणाला, "अक्का, वस्तीवर पोचलो तवर टँकर रिकामा झालता. एक बाई घागर घेऊन थांबली व्हती, काखंत लेकरू. तिला केबिनमधला कॅन दिसला."

"अरे, पाणीच व्हतं ना त्यात? ॲसिड न्हाई ना?"

"पाणीच व्हतं. म्या आधी पिऊन बघितलं."

मालकांनी त्याला दोन कॅन दिले. म्हणाले, "हा बॅटरीचा. हा बायांचा."

*

सोसायटीच्या निवडणुकीत एका पॅनेलची जीप आली. वर कर्णा, मागं मोठा ॲम्प्लिफायर. जीप दिवसभर गावातून पायी चालल्यासारखी फिरायची, प्रत्येक पारापाशी थांबायची, भाषण व्हायचं. संध्याकाळी ढकलल्याशिवाय हलायची नाही. त्या पॅनेलचे पुढारी स्वतः आलते. मागच्या वर्षी साखर कारखाना बंद पडला तेव्हा हेच संचालक होते. कारखान्याची चिमणी गार पडली आणि यांचा कर्णा मात्र गरम.

शब्बीरभाईंनी डायनामो तपासला, मालकांनी बॅटरी. दोन्ही ठीक. पुढारी चिडले. "मग दोष हाय कुठं?"

शब्बीरभाई हात पुसत म्हणाले, "साहेब, गाडी पळली तर डायनामो भरतो. तुमची गाडी चालती कमी आन् बोलती जास्त."

*

माझी थोरली बहीण दोन दिवस राहायला आलती. चाळिशीतली बाई, पण पाण्याची कळशी उचलली की खाली बसायची. कंबर गेलेली, भर थंडीत अंगातून वाफा निघायच्या. तरणी असतानाच तिची गर्भाची पिशवी काढली होती. ऊसतोडीत एक दिवस पडून राहिलं की खाडा, आणि खाड्याचे पैसे मुकादम कापून घेतो. पाळी आली तरी खाडा, पोटात दुखलं तरी खाडा. मुकादमच म्हणाला, काढून टाका, कटकट मिटेल. मिटली म्हणे.

दुकानात बसून ती मालकांचं काम बघत होती. ते काचेच्या नळीनं एकेका खान्यातलं पाणी ओढून बघत होते, मग मीटरच्या सुया लावत होते.

"दाजी, एवढं कावून तपासता?"

"न तपासता काढली तर चांगली बॅटरी भंगारात जाईल, अक्का."

तिनं मीटरची एक सुई हातात घेऊन बघितली. मग म्हणाली, "आमाला न्हाई कुणी सुया लावल्या."

*

पुढच्या दुष्काळात चारा छावणी उघडली. विष्णू तिथं एकाची जीप चालवत होता आणि रुक्मिणी घरची जनावरं घेऊन छावणीतच राहत होती. जीप रोज सकाळी बंद. आम्ही टर्मिनल बघितलं, पाणी बघितलं, पट्टा बघितला. इंजिन चालू करून मीटर लावला तर काटा चौदाच्या घरात, म्हणजे डायनामो पण ठणठणीत. विष्णू म्हणाला, "आता तरी बदला, अक्का."

"न्हाई बदलत. म्या येऊन बघते."

गेले. बघते तर जीपची चावी अर्धी फिरवलेली, वायरींचं जाळं बाहेर काढलेलं, आणि सीटवर छावणीतल्या बायांचे फोन चार्जिंगला ओळीनं निजवलेले. मध्ये रुक्मिणी राखण बसलेली. कुणाचा नवरा पुण्याकडं, कुणाचा लेक सुरतला. फोन बंद पडला तर माणूस हरवल्यासारखं.

एक म्हातारी आपला फोन रोज आणून लावायची. मी विचारलं, "आजी, कुणाचा येतो फोन?"

"लेकाचा."

"रोज येतो?"

"अजून आला न्हाई. पण आला तर बंद नको."

वायर मी काढली नाही. विष्णूला एक जुनी बॅटरी भरून दिली, फक्त फोनांसाठी.

निघताना रुक्मिणीकडं लक्ष गेलं. एक हात फोनांवर, दुसरा ओटीपोटावर. "काय गं?"

"काय न्हाई. अंगावरून जातंय. दुखतंय जरा."

"दवाखान्यात गेली का?"

"सुगीच्या आत बघू म्हणले हे."

*

आता शेवटचा किस्सा.

मुकादमाकडून आगाऊ उचल घेऊन झाली होती, ऊसतोडीच्या टोळ्या निघायला थोडे दिवस होते. विष्णूनं तीच जीप ढकलत दुकानापुढं आणली. पुढं रुक्मिणी बसलेली, नवं लुगडं, मांडीवर कपड्याची पिशवी.

"अक्का, लवकर बघा. चहाला थांबलो आन् बंद पडली. मुकादमाच्या वळखीच्या डॉक्टरनं बोलावलंय हिला."

"कशाला?"

विष्णू दुसरीकडं बघायला लागला. रुक्मिणीच म्हणाली, "पिशवी काढायला. खराब झाली म्हणले. ठेवली तर कॅन्सर व्हईल."

"तपासलं कशानं?"

"पोट दाबून बघितलं."

मी बॉनेट उघडलं. पट्टा ढिला होता. बोटानं दाबला तर झोक्यासारखा खाली गेला. डायनामो नीट फिरत नव्हता, म्हणून बॅटरी भरत नव्हती. पट्टा ताणायचा, नट आवळायचा, ढकलून चालू करायची. चहा निवायच्या आत होण्यासारखं काम.

मी म्हणाले, "डायनामो जळालाय."

मालकांनी मान वर केली. इतक्या वर्षांत आमच्या दुकानातून खोटा दोष कधी निघाला नव्हता. मी त्यांच्याकडं बघितलंच नाही. डायनामो खोलून शब्बीरभाईंच्या पुढ्यात ठेवला. डायनामो निघाला की पट्टा निघतो, पट्टा निघाला की पाण्याचा पंप थांबतो. मग इंजिन तापतं, ती गाडी ढकलून चालू केली तरी नेता येत नाही.

शब्बीरभाईंनी डायनामो फिरवून बघितला. माझ्याकडं बघितलं. जीपमधल्या बाईकडं बघितलं.

"हौ," ते म्हणाले. "कॉईल गेली. उद्याच व्हईल."

विष्णू रडकुंडीला आला. दुसऱ्याची गाडी, सोडून जाता येईना. मी पदर खोचला. "तू गाडीपाशी थांब. हिला दवाखान्यात म्या नेते, एस.टी.नं." कुठल्या दवाखान्यात ते मी सांगितलं नाही, त्यानं विचारलं नाही.

अंबाजोगाईला सरकारी दवाखान्यात नेलं. मोठी रांग. बाई डॉक्टरनं आत नेऊन तपासलं, मशीनवर बघितलं. बाहेर येऊन म्हणाली, "पिशवी चांगली आहे. आत जंतू झालेत. गोळ्या पूर्ण घ्यायच्या, पाळीचे कपडे उन्हात वाळवायचे, भरपूर पाण्यानं स्वच्छ राहायचं."

भरपूर पाणी म्हटल्यावर रुक्मिणीला हसू आलं. येताना एस.टी.त खिडकीपाशी बसून तिनं गोळ्यांची पुडी परत परत उघडून बघितली. म्हणाली, "अक्का, म्हंजे म्या फुकटच रडले."

दुसऱ्या दिवशी शब्बीरभाईंनी तोच डायनामो परत दिला. विष्णूनं विचारलं, "कॉईल जळलती ना?"

"जळलती. रात्री गार हवेनं बरी झाली."

विष्णूनं डायनामो हातात घेऊन फिरवून बघितला. मग हळूच म्हणाला, "अक्का, मला सांगायचं ना आधी."

"सांगितलं असतं तर ऐकला असता?"

"म्या ऐकलं असतं. मुकादम न्हाई."

मी पट्टा ताणला. टोळी गेली. हंगामभर मी मनात खूश होते. दुकानात कुणीही आलं की सांगायचे, आमच्याकडं बाईसुद्धा तपासून मगच सोडतात.

हंगाम संपला. एका दुपारी तीच जीप दुकानापुढं लागली. रुक्मिणी उतरली ती दाराला धरून. बाकड्यावर बसताना तिनं कंबरेवर हात दाबला. तसा हात मी माझ्या थोरल्या बहिणीचा बघितलेला.

मी म्हणाले, "गोळ्या घेतल्या न्हाईस ना?"

"घेतल्या, सगळ्या घेतल्या. बरी झालते, अक्का. दुखणं पार गेलतं."

"मग?"

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"टोळीत पाळी येणारी म्या एकटीच राहिलते. खाडा फक्त माझाच पडायचा."

मालकांनी हातातला ब्रश खाली ठेवला. विष्णू जीपपाशी उभा होता, आमच्याकडं पाठ करून. म्हणाला, "अक्का, गाडी उचलंना. बॅटरी बघता का?"

मी उठले. बॉनेट उघडलं. सुया लावल्या.

बॅटरी चांगली होती.